न्यू जर्सी राज्याचा इतिहास थोडक्यात सांगाल का? आणि हे 'न्यू' असेल तर जुनं जर्सी कुठे आहे?

तुम्ही लिहिलंय की मुलीकडे सहा महिने मुक्कामाला येताय, जावई म्हणतो "इथे इतिहासबितिहास काही नाही, मॉल आहेत", आणि तुम्हाला वसाहतीच्या काळापासून आजपर्यंतचं सगळं हवंय. मी इथे बरीच वर्षं राहतोय. जावयाशी वाद घालणं तुमच्याकडे सोपवतो, माल मी पुरवतो.

जुन्या जर्सीपासून सुरुवात करू, कारण ते तुम्हाला माहीत आहे. निदान त्याची गाय माहीत आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यालगत इंग्लिश खाडीत जर्सी नावाचं छोटंसं बेट आहे, आपल्याकडच्या 'जर्सी'चं मूळ गाव तेच. १६४० च्या दशकात इंग्लंडात राजा विरुद्ध पार्लमेंट अशी लढाई जुंपली, तेव्हा सर जॉर्ज कार्टरेट या बेटावर राजाच्या बाजूने ठाण मांडून बसला होता. पळून आलेल्या राजपुत्राला त्याने तिथे आसराही दिला. पुढे तोच राजपुत्र दुसरा चार्ल्स म्हणून गादीवर आला आणि उपकारांची फेड सुरू झाली. १६६४ मध्ये राजाच्या भावाने, म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्कने, हडसन आणि डेलावेअर या दोन नद्यांमधला मुलूख कार्टरेट आणि लॉर्ड बर्कली या दोघांना देऊन टाकला. नाव ठेवलं न्यू जर्सी.

आता गंमत बघा. सनद झाली जूनमध्ये. मुलूख मात्र तेव्हा डचांच्या ताब्यात होता! इंग्रजी गलबतांपुढे डच गव्हर्नर स्टायव्हसंटने शरणागती पत्करली ती सप्टेंबरात. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असा कारभार. बरं, ज्या निकल्स नावाच्या अधिकाऱ्याने मुलूख जिंकला, त्याला ही वाटणी झाल्याचा पत्ताच नव्हता. त्याने आपल्या अखत्यारीत एलिझाबेथटाऊनच्या (आजच्या एलिझाबेथच्या) जमिनी लोकांना देऊन टाकल्या. पुढच्या वर्षी कार्टरेटच्या घराण्यातलाच फिलिप कार्टरेट गव्हर्नर म्हणून उतरला आणि सारा मागू लागला, तेव्हा लोकांनी आपले कागद पुढे केले. एका जमिनीचे दोन मालक! हा तंटा जवळजवळ शंभर वर्षं चालला. १७४५ मध्ये लोकांनी नेवार्कचा तुरुंग फोडून आपली माणसं सोडवली, ती याच भानगडीत.

मला विचाराल तर न्यू जर्सीचा इतिहास म्हणजे वाटण्यांचा इतिहास. लढाया, शोध, कारखाने सगळं आहे, पण मूळ धागा हिस्से, शीव आणि मोजणी. आपल्याकडच्या भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला तो चटकन कळतो.

अर्थात या सगळ्यांच्या आधी जमीन लेनापे लोकांची होती. हॅकेन्सॅक, पसेइक, रॅरिटन, पार्सिपनी ही नावं त्यांच्याच भाषेतून आलेली. तुमची मुलगी रोज ती हायवेच्या पाट्यांवर वाचत असेल. गोऱ्यांनी त्यांच्याकडून बऱ्याच जमिनी रीतसर कागद करून 'विकत' घेतल्या. फक्त लेनाप्यांच्या लेखी ते वहिवाट देणं होतं आणि गोऱ्यांच्या लेखी खरेदीखत. तुम्हीही या, आम्हीही शिकार करू, असं समजून त्यांनी खुणा केल्या आणि पुढच्या हंगामात कुंपण दिसलं. त्यात देवीसारखे आजार. १७५८ मध्ये उरलेल्यांसाठी दक्षिणेला ब्रदरटन नावाची राखीव वस्ती काढली, तीही १८०२ पर्यंत मोडली आणि बहुतेक जण न्यूयॉर्क प्रांतात निघून गेले. सगळे गेले नाहीत. ब्रिजटनच्या आसपास त्यांचे वंशज आजही आहेत.

पहिल्या मोठ्या वाटणीकडे येतो. बर्कलीला पैशांची निकड होती. त्याने १६७४ मध्ये आपला अर्धा हिस्सा १,००० पौंडांना क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांना विकला. १६७६ मध्ये पंचांच्या नव्हे पण पाच जणांच्या सह्यांनी वाटणीपत्र झालं: ईस्ट जर्सी आणि वेस्ट जर्सी. दोन राजधान्या, पर्थ ॲम्बॉय आणि बर्लिंग्टन. पूर्वेला डच, स्कॉटिश आणि कनेक्टिकटहून आलेले कडवे प्युरिटन (नेवार्क त्यांनीच १६६६ मध्ये वसवलं), पश्चिमेला शांत क्वेकर. मधली शीव आखायला १६८७ मध्ये जॉर्ज कीथ या मोजणीदाराला धाडलं. रेघ फारच पश्चिमेला सरकतेय अशी ओरड झाली आणि त्याला रॅरिटन नदीपाशी थांबवलं. पुढे वेगवेगळ्या रेघा निघाल्या, पण कीथची रेघ काही पुसली गेली नाही. प्रिन्स्टनजवळ 'प्रॉव्हिन्स लाइन रोड' नावाचा रस्ता आहे. त्यावरून गाडी जाते तेव्हा तुम्ही साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बांधावरून जात असता.

१७०२ मध्ये दोन्ही हिश्शांच्या मालकांनी राज्यकारभार राणी ॲनकडे सोपवला आणि दोन्ही जर्सी एक झाल्या. पण नीट वाचा, त्यांनी कारभार सोडला, जमीन नाही. मालक-हिस्सेदारांची मंडळं तशीच राहिली, आणि मोजणीत सुटलेल्या पट्ट्या विकत राहिली. ईस्ट जर्सीचं मंडळ विसर्जित झालं ते १९९८ मध्ये. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव! मी घर घेतलं तेव्हा वकीलबाईंनी सहज सांगितलं की इथले मालकीचे कागद मागे मागे नेले तर शेवटी कार्टरेट आणि बर्कली या दोन दरबाऱ्यांपाशी जाऊन थांबतात. आमचा गावाकडचा सातबारा आजोबांच्या पुढे जात नाही.

स्वातंत्र्ययुद्धाचं मी फार सांगत नाही, ते तुम्हाला कोणीही दाखवायला नेईल. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांच्या मधे असल्याने दोन्ही फौजा इथूनच तुडवत गेल्या. १७७६ च्या नाताळच्या रात्री वॉशिंग्टनने बर्फाळ डेलावेअर ओलांडून सकाळी ट्रेंटन घेतलं, आठवड्याभरात प्रिन्स्टन. इथला शेवटचा इंग्रजी गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन हा खुद्द बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा. बाप बंडखोरांत, मुलगा राजनिष्ठ आणि अटकेत. त्यांचं पुढे कधी जुळलं नाही.

त्यापेक्षा मला एक मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. १७७६ च्या इथल्या राज्यघटनेत मताचा अधिकार '५० पौंडांची मालमत्ता असलेल्या सर्व रहिवाशांना' दिला होता. पुरुष असा शब्दच नव्हता. त्यामुळे अविवाहित बायका, विधवा आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय इथे चक्क मतदान करत होते. १८०७ मध्ये कायदा बदलून तो हक्क फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला. दिलेला हक्क काढून घेण्यात हे राज्य तेव्हाही पुढे होतं. गुलामगिरीचंही तेच. उत्तरेतल्या राज्यांत ती हटवण्याचा कायदा सगळ्यात शेवटी यांनी केला, १८०४ मध्ये, आणि तोही हप्त्याहप्त्याने: त्या ४ जुलैनंतर जन्मलेली मुलगी २१ व्या वर्षी सुटणार, मुलगा २५ व्या. आधी जन्मलेले तसेच. १८६० च्या जनगणनेत इथे १८ गुलाम नोंदले आहेत. गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती न्यू जर्सीने आधी फेटाळली आणि १८६६ मध्ये, ती देशभर लागू होऊन गेल्यावर, मंजूर केली. लिंकनच्या बाजूचं 'उत्तरेकडचं' राज्य म्हणून जे चित्र असतं ते इथे जरा जपूनच रंगवावं.

कारखानदारीची सुरुवात पॅटरसनला. पसेइक नदी तिथे ७७ फूट खाली कोसळते. त्या पाण्यावर गिरण्या चालवायच्या, इंग्लंडकडून कापड घेत बसायचं नाही, या अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनच्या कल्पनेतून १७९१ मध्ये हे शहर आखलं गेलं. आधी सूत, मग रेल्वे इंजिनं, मग रेशीम. १९१३ मध्ये एका विणकराला दोनऐवजी चार माग सांभाळायला लावले म्हणून हजारो कामगार काही महिने संपावर गेले आणि हरले. गिरणगावात कोणी ओळखीचं असेल तर तुम्हाला पुढचं सांगायला नको. धबधबा अजून आहे, जरूर बघा, फुकट आहे.

एडिसन या गावाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, कारण अर्धे मराठी पाहुणे तिथेच उतरतात. संशोधक थॉमस एडिसनने १८७६ मध्ये तिथल्या मेन्लो पार्कला प्रयोगशाळा काढली, तिथे फोनोग्राफ आणि १८७९ मध्ये टिकाऊ दिवा. गावाचं नाव तेव्हा रॅरिटन टाऊनशिप होतं, 'एडिसन' ते झालं १९५४ मध्ये. पण मला जास्त भुरळ पडते ती जवळच्या रोझेल या गावाची. १८८३ च्या जानेवारीत एडिसनने तिथे खांबांवरून तारा टाकून वीज देण्याची व्यवस्था पहिल्यांदा करून दाखवली. त्याच वर्षी जूनमध्ये नऊवारीतली एक अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली आणि थिओडिशिया कार्पेंटरबाईंबरोबर त्यांच्या रोझेलच्या घरी राहायला गेली. आनंदीबाई जोशी! फिलाडेल्फियाचं कॉलेज सुरू होईपर्यंत त्या तिथेच होत्या. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता करत आलेल्या त्या मुलीने रोझेलच्या रस्त्यावर विजेचे दिवे पाहिले असणार, असं मी आपलं मनाशी धरून चालतो. जावयाला हे आधी सांगा.

त्याच सुमाराला राज्याला पैशांची एक नवी वाट सापडली. १८८९ पासून कायदे असे सैल केले की एका कंपनीला दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगता येतील. झालं, रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलपासून यू. एस. स्टीलपर्यंत सगळे धेंड इथे नोंदणीला आले आणि फीच्या पैशांवर खजिना भरू लागला. १९१३ मध्ये गव्हर्नर वुड्रो विल्सनने कायदे आवळले (आणि स्वतः राष्ट्राध्यक्ष व्हायला निघून गेला), तशा नव्या कंपन्या शेजारच्या डेलावेअरकडे वळल्या. त्या अजून तिथेच जातात.

याच काळातली दुसरी मोठी वाटणी मात्र आजही खिशाला लागते. १८९४ मध्ये कायदा आला की प्रत्येक टाऊनशिपची (म्हणजे बऱ्याच वस्त्या मिळून झालेल्या मोठ्या गावाची) शाळा एकत्र चालवायची. म्हणजे आपल्या कराच्या पैशांवर पलीकडच्या वाडीची पोरं शिकणार! लोकांनी पळवाट काढली: आपली वस्ती तोडून वेगळं गाव करायचं. एकट्या बर्गन काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) त्या एका वर्षात २६ नवी गावं निघाली. आज राज्यात ५६४ नगरपालिका आहेत. राज्य केवढं, तर आपल्या नगर जिल्ह्याहून थोडंसं मोठं. प्रत्येकाचा महापौर वेगळा, बहुतेकांचे पोलीस वेगळे, शाळा वेगळी. इथला घरपट्टीचा दर देशात सर्वांत जास्त का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

विसावं शतक भराभर उरकतो. १९२७ मध्ये हडसनखालून हॉलंड बोगदा, १९३१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पूल, १९५१ मध्ये टर्नपाइक हा टोलचा महामार्ग. शेतं जाऊन उपनगरं आली. मरे हिलच्या बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर तयार झाला. गोरी कुटुंबं शहरं सोडून त्या नव्या गावांत गेली, काळ्यांना तिथे घरं मिळत नव्हती. १९६७ च्या जुलैमध्ये नेवार्क पेटलं, पाच-सहा दिवसांत २६ माणसं मेली. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने माउंट लॉरेल खटल्यात बजावलं की गावांनी नियमांच्या आडून गरिबांना बाहेर ठेवायचं नाही. गावं त्यावर अजून कुरकुरतात.

आपली माणसं १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आली, डॉक्टर आणि इंजिनियर आधी. आता एडिसनजवळच्या ओक ट्री रोडवर, म्हणजे भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, चक्कर मारलीत तर पासपोर्ट घरी विसरल्यासारखं वाटणार नाही. पण हे सहज झालं नाही. १९८७ मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी होती. डॉट म्हणजे बायकांच्या कपाळावरची टिकली. भारतीयांना हाकलून देऊ अशी धमकीची पत्रं वर्तमानपत्रात छापून आली, घरांवर दगड पडले, आणि शेजारच्या होबोकनमध्ये एका तरुण भारतीयाला मारहाण झाली, त्यात तो गेला. त्याच होबोकनने २०१७ मध्ये रवी भल्ला या पगडीधारी शिखाला महापौर म्हणून निवडून दिलं.

आणि शिवेचे खटले संपले म्हणाल तर नाही. १९९८ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की स्थलांतरितांचं प्रसिद्ध एलिस बेट न्यूयॉर्कचं नसून बहुतांश न्यू जर्सीचं आहे. मूळ खडकाचे तीनेक एकर न्यूयॉर्कचे, भराव टाकून वाढवलेली बाकी जमीन आमची.

उत्तर आणि दक्षिण जर्सीचं अजूनही पटत नाही: इकडचे न्यूयॉर्कच्या संघांना टाळ्या देतात, तिकडचे फिलाडेल्फियाच्या. डुकराच्या मांसाच्या एकाच पदार्थाला दोन्हीकडे वेगळं नाव आहे आणि त्यावरून लोक खरोखर भांडतात. आपण शाकाहारी असल्याचं सांगून मोकळं व्हायचं.

मुलगी ५६४ पैकी नेमक्या कुठल्या गावात राहते ते खाली लिहा. एलिझाबेथच्या आसपास असेल तर जमिनीची भानगड आणखी रंगवून सांगेन, आणि प्रिन्स्टनकडे असेल तर ती कीथच्या रेघेच्या अलीकडे की पलीकडे, तेही.