न हाताळता पैठणी कोण घेणार?

प्रश्न : येवल्यात आमचं हातमागाच्या पैठण्यांचं छोटं दुकान आहे. फोटो पाठवले की चौकशा भरपूर येतात, पण हात लावल्याशिवाय तीस-चाळीस हजारांची साडी घ्यायला बायका कचरतात. लंडनच्या नॅटली मॅसने यांनी महागडे कपडे इंटरनेटवर विकून दाखवले. त्यांनी हे कसं जमवलं?
– एक वाचक, येवला

उत्तर : त्यांची सुरुवात तर याहून कठीण काळात झाली. मे २००० मध्ये ‘बू डॉट कॉम’ हे कपडे विकणारं गाजलेलं संकेतस्थळ लंडनमध्येच बुडालं. त्याची पानं चित्रांनी इतकी जड होती, की टेलिफोन लाइनवरच्या इंटरनेटवर ती उघडेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळून जाई. पुढच्याच महिन्यात मॅसने यांनी ‘नेट-अ-पोर्टे’ सुरू केलं. त्या मूळच्या फॅशन पत्रकार, म्हणून दुकान त्यांनी मासिकासारखं मांडलं. कपडा अंगावर कसा बसतो, कशासोबत शोभतो, हे तिथे दिसे. माल काळ्या पेटीत, फीत बांधून, भेटवस्तूसारखा घरी येई. पसंत नसेल तर परत करता येई. २०१० मध्ये ‘रिशमॉन्ट’ या स्विस चैनीच्या वस्तूंच्या कंपनीने ‘नेट-अ-पोर्टे’ ताब्यात घेतली तेव्हा तिचं मूल्य ३५ कोटी पौंड धरलं गेलं.

तुमच्या गिऱ्हाइकाला धास्ती असते ती नकली माल आणि फसवा रंग यांची. म्हणून पहिला फोटो पदराच्या उलट बाजूचा, अगदी जवळून काढलेला पाठवा. हाताने विणलेला मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो. मशीनच्या मालात मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. जाणती बाई हेच आधी बघते, आणि बहुतेक दुकानदार नेमकं हेच दाखवत नाहीत!

रंगासाठी ट्यूबलाइट बंद करा. सकाळी सावलीत, खिडकीजवळ फोटो घ्या. धूपछाँव साडीचा ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या; ती एका फोटोत कधीच खरी दिसत नाही. साडी हलवत वीसेक सेकंदांचा व्हिडिओ काढा. नेसलेल्या साडीचा एक फोटो हवाच. खाली लिहा : ब्लाउजपीस धरून आणि सोडून लांबी, पन्हा, काठ व पदर किती इंच, वजन किती ग्रॅम, जरतार चांदीची की टेस्टेड (तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली). सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण) असेल तर त्याचा फोटोही जोडा.

परतीचा नियम पैसे घेण्याआधी कळवा. सात दिवस पुरेत. पदराच्या टोकाला, नेसल्यावर लपणार नाही अशा जागी, चिठ्ठी एका टाक्याने अडकवा. ती तुटली तर परत नाही. पुष्कळांची फसगत फॉल-पिकोत होते. गिऱ्हाईक आधीच करून मागतं, तुम्ही देता, आणि परत आलेली साडी नवी म्हणून विकता येत नाही. पसंती पक्की झाल्यावरच फॉल लावा, ब्लाउजपीसही तोवर कापू नका. परतीचं कुरिअर निदान पहिल्या खरेदीला तरी तुमच्या खर्चाने ठेवा.

साडी प्लॅस्टिकमध्ये नको, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. घड्या कमी घाला, जरतार घडीवरच तुटते. सुवासासाठी अत्तर शिंपडू नका. त्याने जरतार काळी पडते.