सेमिनोमा (वृषणाचा एक कॅन्सर), पहिली स्टेज: एक केमो घेऊन टाकावी की नुसतं लक्ष ठेवावं?

तुमची माहिती थोडक्यात अशी: वय २९, उजवं वृषण तीन आठवड्यांपूर्वी काढलं, रिपोर्टात सेमिनोमा, गाठ ३.५ सेंमी, सीटीत काही नाही. एक डॉक्टर कार्बोप्लाटिन या केमोच्या औषधाचा एक डोस सुचवतात, दुसरे फक्त तपासण्या. आणि घरच्यांना वाटतं, कॅन्सर असून काहीच करायचं नाही, हे कसं?

माझं मत लक्ष ठेवण्याच्या बाजूचं आहे. घरच्यांना आधी हे सांगा की उपचार झालाय, ऑपरेशन हाच तो उपचार. या स्टेजला नुसतं लक्ष ठेवलं तर शंभरातल्या पंधरा ते वीस जणांना आजार परत येतो. एका कार्बोप्लाटिननंतर हा आकडा पाचाच्या आसपास उतरतो. म्हणजे ऐंशीहून जास्त जण विनाकारण केमो घेतात. आणि परत आला तरी बीईपीच्या (तीन औषधांच्या केमोच्या) तीन सायकलनी जवळपास सगळे बरे होतात, म्हणून कुठल्याही वाटेनं गेलात तरी शेवटी बरं होण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या घरातच राहतं. तुमची गाठ ४ सेंमीच्या आत आहे, तेही तुमच्या बाजूचंच. रिपोर्टात 'रीटे टेस्टिस'मध्ये (वृषणातल्या बारीक नळ्यांच्या जाळ्यात) शिरकाव नाही ना, एवढं बघा.

पण निवड करण्याआधी निदान पक्कं करा, कारण खरी चूक इथेच होते. ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच (रक्तातले हे ट्यूमर मार्कर) शेजारी ठेवून वाचा. शुद्ध सेमिनोमात एएफपी वाढत नाही. तो वाढलेला असेल आणि यकृताचं कारण नसेल, तर स्लाइडवर काहीही लिहिलेलं असो, उपचार नॉन-सेमिनोमाचा (वृषणाच्या कॅन्सरच्या दुसऱ्या प्रकाराचा) करावा लागतो आणि वरचं सगळं गणित बदलतं. वाढलेला एएफपी ऑपरेशननंतर दर पाच ते सात दिवसांनी निम्मा व्हायला हवा. तसा तो उतरत नसेल तर आजार कुठेतरी शिल्लक आहे.

स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या गाठीचे जपून ठेवलेले तुकडे) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाच: नागपूरला जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात, नाहीतर मुंबईत परळच्या टाटात. ब्लॉक मेणाचे असतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवले तर वितळू शकतात, म्हणून ते हातातल्या पिशवीतच न्या.

पुढे कधी सीटीत ८-९ मिमीची लसिकागाठ (लिम्फ नोड) दिसली म्हणून लगेच केमोला बसू नका. उजव्या वृषणाचा आजार आधी महाधमनी आणि महाशिरेच्या मधल्या लसिकागाठींत जातो. तिथे असं काही दिसलं तर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा सीटी करून फरक बघतात.

तरीही कार्बोप्लाटिन घ्यायचं ठरलं, तर डोस पूर्ण हवा. तो वजनावर नाही, किडनीच्या कामावर ठरतो: ७ गुणिले (जीएफआर अधिक २५). जीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते तो आकडा. जीएफआर १०० असेल तर ८७५ मिग्रॅ. जीएफआर रक्तातल्या क्रिएटिनिनवरून अंदाजे काढण्यापेक्षा डीटीपीए स्कॅननं (किडनीच्या कामाच्या स्कॅननं) मोजलेला बरा. हात आखडून दिलेल्या डोसनं आजार परतण्याची शक्यता वाढते, आणि मग केमो घेऊनही फायदा पदरात पडत नाही. आधी वीर्य साठवून ठेवा: दोन-तीन नमुने, प्रत्येकाआधी दोन-तीन दिवसांचा खंड. रेडिएशन या वयात मी सुचवणार नाही. ते आजाराला रोखतं, पण पुढे वीस-तीस वर्षांनी दुसऱ्या कॅन्सरचा धोका वाढवतं.

लक्ष ठेवणं म्हणजे तारखा पाळणं. पहिली दोन वर्षं साधारण दर सहा महिन्यांनी पोटाचा सीटी, मध्ये मार्कर आणि डॉक्टरांची तपासणी, तिसऱ्या वर्षापासून अंतर वाढतं. परतणारा आजार बहुतेक वेळा याच दोन वर्षांत, पोटामागच्या लसिकागाठींत दिसतो. सीटीऐवजी एमआरआयही चालतो, रेडिएशन टळतं. मात्र वाचणारा त्यातला सरावलेला हवा. नोकरीपायी सतत गाव बदलत असाल आणि दोन तपासण्या चुकतील अशी धास्ती असेल, तर कार्बोप्लाटिनचा विचार जरूर करा, त्यात कमीपणा नाही.

स्कॅन दर वेळी एकाच सेंटरला करा आणि प्रत्येक सीडी सांभाळा. ७ मिमीची लसिकागाठ १० मिमीची झाली का, हे जुनी चित्रं शेजारी लावूनच कळतं. महिन्यातून एकदा, गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर, उरलेलं वृषण बोटांत हलकेच फिरवून बघा. दुसऱ्या बाजूलाही आजार होणारे शंभरात दोन-तीन असतात. टणक, न दुखणारी गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सोनोग्राफी करून घ्या. आणि तिथे सुई घालून तपासणी कोणालाही करू देऊ नका.