घराचा रंग फरशीपासून ठरवावा

प्रश्न : आम्ही ठाण्यात वीस वर्षे जुनी, दोन बेडरूमची सदनिका घेतली असून राहायला जाण्यापूर्वी ती रंगवायची आहे. फरशी फिकट क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्सची, दारे सागवानी आणि ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे. यांपैकी काहीही बदलण्याइतके पैसे आता उरलेले नाहीत. मुलीला राखाडी रंग हवा आहे, सासूबाईंना पिवळा, आणि रंगारी दर दोन दिवसांनी शेडकार्ड परत मागतो. पुढे सोफा-पडदे बदलले किंवा घर भाड्याने दिले तरी अडचण येणार नाही, असे मोजके रंग सुचवावेत.

उत्तर : फरशी, दारे आणि ओटा बदलता येणार नाहीत, हे आपल्या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य आहे. शेडकार्डात हजाराहून अधिक रंग असतात, पण आपल्या फरशीजवळ त्यांतले फार थोडे नांदतील. म्हणून दुकानात जाऊन रंग ठरवू नये. शेडकार्ड घरी आणून फरशीवर आडवे ठेवावे आणि खिडकीचे पडदे सारून पाहावे. क्रीम फरशीत पिवळा रंग असतो आणि त्यात थोडी तांबूस झाकही असते. तिच्याशेजारी निळसर राखाडी भिंत आली की फरशीचा पिवळेपणा उठून दिसतो आणि रोज पुसलेली फरशीही मळकट वाटू लागते.

हा दृष्टिभ्रम जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात, जिथे भिंतींवर टांगायची चित्रवस्त्रे विणली जात, तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे काळा धागा निस्तेज दिसतो अशी तक्रार आली होती. त्यांनी तपासले तेव्हा काळ्या रंगात खोट निघाली नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारामुळे काळा तसा दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी यावरचे विवेचन प्रसिद्ध केले. आपल्या हॉलमध्ये भिंत आणि फरशी यांच्यात तेच घडणार आहे.

मुलीने राखाडीचा हट्ट सोडावा असे मात्र मी म्हणणार नाही. राखाडीतही निळ्याकडे, हिरव्याकडे, जांभळ्याकडे आणि तपकिरीकडे झुकणारे प्रकार असतात. त्यांतला ओल्या वाळूसारखा, तपकिरीकडे कललेला राखाडी आपल्या फरशीशी जुळेल आणि सासूबाईंनाही तो थंड वाटणार नाही. फिक्या रंगाचा कल नुसत्या डोळ्यांना चटकन कळत नाही. त्यासाठी शेडकार्डाच्या त्याच पट्टीवरचा सर्वांत गडद रंग पाहावा, कारण वरच्या फिक्या छटेत जे दडलेले असते ते तळाच्या छटेत उघड होते. झेरॉक्सच्या पांढऱ्या कागदाशी तुलना करण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती फसवी आहे; तो कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात निळसर चमक आणणारी द्रव्ये घातलेली असतात, त्यामुळे त्याच्याजवळ प्रत्येक रंग पिवळा वाटतो. फिके रंग एकमेकांशेजारी ठेवूनच ताडून पाहावेत.

आता रंगांची निवड. घरातल्या सगळ्या छतांना एकच पांढरा द्यावा, आणि तो दुधाच्या सायीकडे झुकणारा असावा, ट्यूबलाइटसारखा निळा नको. हॉल, मधली वाट, स्वयंपाकघर आणि दोन्ही बेडरूमच्या बहुतेक भिंतींना ताकासारखा, किंचित उबदार असा एकच फिका रंग द्यावा. खोलीगणिक वेगळा रंग देण्याची हौस लहान सदनिकेत घराचे तुकडे पाडते, कारण हॉलमध्ये उभे राहिले की उघड्या दारांतून तीन-चार भिंती एकाच वेळी दिसतात. तिसरा रंग त्याच पट्टीवरचा दोन-तीन पायऱ्या खालचा, ज्वारीच्या भाकरीच्या जवळ जाणारा घ्यावा. तो पलंगामागच्या आणि जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीला शोभेल. मुलीचा ओल्या वाळूचा राखाडी तिच्या खोलीतल्या एका भिंतीला द्यावा. सासूबाईंचा पिवळा मोठ्या भिंतीवर न आणता देवघराच्या कोनाड्यात आणावा. तिथे समईच्या उजेडात हळदीचा रंग जितका खुलतो तितका बारा फुटी भिंतीवर दुपारी खुलत नाही. सोफा उद्या निळा आला काय किंवा मरून आला काय, ताक आणि भाकरी यांचे कोणाशीच वाकडे नसते.

शेडकार्डावर जो रंग आवडला त्याहून एक पायरी फिका निवडावा. चार भिंतींवर तोच रंग आला की एका भिंतीवरून उसळलेला प्रकाश दुसरीवर पडून रंग अधिक गडद आणि भडक होतो. बऱ्याच कंपन्या प्रत्येक छटेसाठी ती किती प्रकाश परत फेकते याचा आकडा देतात, ज्याला एलआरव्ही म्हणतात. काळ्याचा शून्याजवळ आणि पांढऱ्याचा शंभराच्या अलीकडे असतो. मुख्य भिंतींसाठी हा आकडा सत्तरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असावा. उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत तर यात तडजोड करू नये. ठाण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण त्यातला बराच काळ आभाळ भरलेले असते. एरवी त्या खोलीला आकाशाचा निळसर उजेडच मिळतो. पश्चिमेच्या खोलीत उलट घडते. तिथे संध्याकाळी पाचला ताकाचा रंगही केशरी होतो, म्हणून तिथे आणखी पिवळा घालू नये.

साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुय्यम आणि दहा टक्के ठसठशीत रंग असे एक सूत्र सजावटीच्या लेखांत नेहमी भेटते. ते वाईट नाही, पण आपली फरशी आणि सागवानी दारे यांनीच तीस टक्क्यांचा बराचसा वाटा आधी उचललेला आहे, हे त्या गणितात कोणी धरत नाही.

प्रश्न : पुण्यात आमच्या हॉलला फिकट राखाडी रंग दिला. दुकानात तो राखाडीच होता, घरी मात्र जांभळट दिसतो. रात्री तर अधिकच. रंगाऱ्याने रंग बदलला असेल का? पुन्हा रंगवावे का?

उत्तर : रंगाऱ्यावर संशय घेण्याआधी डब्यावरचा छटा-क्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. तो जुळला तर दोष बहुधा उजेडाचा आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या अभ्यासिकेसाठी दुकानातल्या पांढऱ्याफटक दिव्याखाली राखाडी निवडला होता आणि पहिला हात वाळल्यावर समोर फिकट लव्हेंडर पाहून दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो. राखाडी छटा काळ्या, निळ्या, तांबड्या, पिवळ्या अशा रंगद्रव्यांच्या मिश्रणातून होते. प्रकाशातले घटक बदलले की त्यांतले एखादे द्रव्य पुढे सरकते.

म्हणून आधी दिवे बदलावेत; ते रंगापेक्षा स्वस्त पडते. एलईडीच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. 6500 म्हणजे निळसर पांढरा, जो आपल्याकडच्या घरांत सवयीने लावला जातो, आणि 3000 म्हणजे पिवळसर उबदार. हॉलमध्ये 4000 च्या जवळचा दिवा लावून पाहावा. त्याच खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा असल्यास तो 90 किंवा अधिक असलेला घ्यावा, कारण कमी सीआरआयच्या दिव्याखाली भिंतच काय, ताटातली भाजीसुद्धा निस्तेज दिसते. खिडकीबाहेरही एकदा पाहावे. समोरच्या इमारतीची भिंत गुलाबी असेल तर दुपारी तिचाच रंग आपल्या हॉलमध्ये येत असतो, आणि त्यावर कोणताही दिवा चालत नाही.

तरीही रंगवायची वेळ आलीच, तर या खेपेस भिंतीवर नमुना लावू नये. दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच जाड पुठ्ठ्याला पांढरा प्रायमर लावून त्यावर निवडलेल्या रंगाचे दोन हात द्यावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत, कारण इमल्शन ओले असताना फिके दिसते आणि वाळल्यावर थोडे गडद होते. चुन्याचे नेमके उलट असते. ओला चुना पारदर्शक वाटतो आणि वाळताना पांढरा होत जातो, त्यामुळे जुन्या अनुभवावर जाणारे बरेच जण इथे फसतात. तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून पाहावा. आधीच्या जांभळट भिंतीच्या मधोमध लावलेला नमुना त्या भिंतीमुळेच वेगळा दिसेल, म्हणून पुठ्ठ्याच्या कडेने पांढरी चौकट सोडावी.

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या वडिलोपार्जित घराला आजवर नीळ घातलेला चुनाच लागत आला. यंदा दिवाळीपूर्वी आत इमल्शन द्यावे म्हणतो. भिंतींना खालच्या दोन फुटांत ओल येते. डाग दिसणार नाहीत असा कोणता रंग घ्यावा?

उत्तर : ओल लपवणारा रंग कोणत्याच कंपनीकडे नाही. गडद रंग घेतला तर वर आलेला पांढरा क्षार त्यावर अधिकच उठून दिसेल. जमिनीतले पाणी भिंतीत चढत असेल तर चुन्यातून ते बाहेर निघून जाते. इमल्शनचा थर त्याला अडवतो आणि मग फुगे येऊन पापुद्रे सुटतात. शिवाय चुन्याच्या भुकटीवर इमल्शन धरत नाही, त्यामुळे ते द्यायचेच असेल तर जुना चुना पूर्ण खरवडून काढावा लागेल. आपल्या जागी मी असतो तर ओलीचा बंदोबस्त होईपर्यंत चुनाच ठेवला असता.

दिवाळीची घाई हा कोकणातल्या रंगकामाचा खरा शत्रू आहे. पाऊस थांबतो आणि दोन-तीन आठवड्यांत सण येतो, तेवढ्यात चार महिने भिजलेली भिंत सुकत नाही. भिंत सुकली का ते पाहण्यासाठी फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे, असे समजून रंगाऱ्याला फेब्रुवारीत बोलवावे.

रंगाबाबत सांगायचे तर आपल्या वडीलधाऱ्यांनी निवडलेला रंग उत्तमच आहे. चुन्यात मुळात पिवळसरपणा असतो; चिमूटभर नीळ तो मारते आणि भिंत शुभ्र दिसते. ओलीचा बंदोबस्त झाल्यावर त्याच्याजवळ खालच्या पट्ट्याला काव द्यावी. कावेतला लोहाचा तांबडा उन्हाने विटत नाही आणि लाल मातीचे शिंतोडे त्यावर दिसत नाहीत, हे आपल्याकडच्या जुन्या घरांनी शेडकार्डाविना ओळखले होते.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. घराच्या दारा-खिडक्यांवर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नये, कारण त्यात शिसे असण्याची शक्यता आहे. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम भारतात 2016 मध्ये झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांबद्दल अशी खात्री देता येत नाही. पाणी लावून ओल्या पॉलिश पेपरने घासावे आणि तेवढे दिवस लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

प्रश्न : दहा बाय बाराच्या खोलीला किती रंग लागेल? आणि नंतर डाग पडल्यास तोच रंग पुन्हा मिळतो का?

उत्तर : दहा फूट उंची धरली तर चार भिंतींचे 440 चौरस फूट होतात, दार-खिडकीचे 50 वजा केले की 390 उरतात. चांगले इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण 100 ते 140 चौरस फूट जाते, म्हणजे तीन ते चार लिटर लागतील. चार लिटर घ्यावेत आणि ते एकाच वेळी घ्यावेत, कारण मशीनवर तोच क्रमांक दुसऱ्या दिवशी तयार केला तरी बारीक फरक राहू शकतो. डबे दोन असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच वापरावेत, नाहीतर भिंतीच्या मध्यावर डबा बदलल्याची रेघ कायमची राहते.

डागाबद्दल एवढेच सांगतो की मॅट रंगावर पुसल्याची खूण राहते आणि चमकदार रंगावर लांबीचे (पुट्टीचे) उंचवटे दिसतात. मुले लहान असतील तर या दोन्हींच्या मधला, धुता येणारा प्रकार घ्यावा. उरलेला अर्धा लिटर हवाबंद बाटलीत भरून ठेवावा आणि कंपनी, छटा-क्रमांक, रंगाचा प्रकार आणि महिना कागदावर लिहून तो कागद माळ्याच्या दाराला आतून चिकटवावा. बाटलीवर लिहिलेले पुसले जाते.