‘अनियतकालिक’मधला ‘अ’ कोणाचा?

प्रश्न असा आला आहे. पाच-सहा मित्रमैत्रिणी मिळून एक छोटा अंक काढतात. त्यात कविता असतात, रेखाटनं असतात, आणि घर पाडलं गेलेल्या, कामावरून काढलेल्या, जातीवरून अपमान सोसलेल्या माणसांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेले अनुभव असतात. वर्षात कधी दोन अंक निघतात, कधी तीन. मुखपृष्ठावर ते ‘अनियतकालिक’ असं छापतात. एका ज्येष्ठ वाचकांनी हरकत घेतली: ‘अनियतकालिक म्हणजे जे नियतकालिक नाही ते. मग अंक क्रमांक कशाला घालता? लघुनियतकालिक म्हणा.’ तर बरोबर काय, आणि हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

एकाच अर्थाचे नाहीत. आणि तुम्ही ‘अनियतकालिक’ हाच शब्द ठेवावा असं माझं मत आहे. ज्येष्ठांची हरकत मात्र वरवरची नाही. त्यांनी शब्द एका जागी तोडला, मी दुसऱ्या जागी तोडतो. सगळा फरक तिथेच पडतो.

‘नियत’ म्हणजे ठरलेला, बांधून दिलेला. ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’ हे शब्द निरोपसमारंभाच्या प्रत्येक पत्रिकेत असतात, तोच हा ‘नियत’. (‘त्याची नियत चांगली नाही’ यातला ‘नियत’ अरबीतून आलेला, त्याचं याच्याशी नातं नाही.) नियत काळाने निघतं ते नियतकालिक. आता यापुढे ‘अ’ लावायचा तर तो दोन ठिकाणी लागू शकतो. ‘अ + नियतकालिक’ असा फोडला तर अर्थ होतो ‘नियतकालिक नव्हे ते’. या अर्थाने एखादं पुस्तक, पत्रक, स्मरणिका, काहीही अनियतकालिक ठरेल. ‘अनियत काल + इक’ असा फोडला तर अर्थ होतो ‘ज्याचा काळ ठरलेला नाही ते’. लिहिताना दोन्हींचं रूप एकच, म्हणून घोटाळा. ‘अराजकीय’ या शब्दातही अशीच अडचण आहे: राजकीय नसलेलं, की अराजकाविषयीचं? वापराने पहिला अर्थ पक्का केला म्हणून आपण अडखळत नाही.

‘अनियतकालिक’च्या बाबतीत वापराने दुसरा अर्थ पक्का केला आहे. कोणीही पुस्तकाला अनियतकालिक म्हणत नाही. एकच अंक काढून थांबायचं असेल तर त्यालाही म्हणत नाही. हा शब्द आपण अशाच प्रकाशनाला वापरतो ज्याचा पुढचा अंक येणार आहे, फक्त तारीख दिलेली नाही. म्हणजे ‘अ’ नियताला लागतो, कालिकाला लागत नाही. अंकाचं एकामागून एक येणं शब्दात शाबूत आहे. म्हणून अंक क्रमांक घालणं चूक तर नाहीच, उलट या शब्दाला तेच शोभतं.

कोणी विचारेल, मग ‘अनियमित’ का नको? कारण ‘अनियमित’ हा मराठीत तक्रारीचा शब्द आहे. अनियमित हजेरी, अनियमित पाणीपुरवठा. नियम होता आणि तो मोडला. ‘अनियत’मध्ये काही मोडलेलं नाही, कारण काही बांधलंच नव्हतं. मासिक उशिरा निघालं तर ते अनियमित होतं, अनियतकालिक होत नाही. मासिकवाले अशा वेळी काय करतात? ‘जोडअंक’ काढतात. एप्रिल-मे जोडअंक! मला हा शब्द फार बोलका वाटतो. संपादकांचे पैसे संपलेले असतात, किंवा छापखान्याचं बिल थकलेलं असतं, किंवा दोन हातांनी चालणाऱ्या कामातला एक हात आजारी पडलेला असतो, आणि तरीही वर्गणीदाराला दिलेला शब्द कागदावर पाळायचा असतो. अनियतकालिकाला जोडअंक काढताच येत नाही. जोडायला दोन ठरलेल्या जागा लागतात.

आता ‘लघुनियतकालिक’. हा शब्द ‘लिटल मॅगझीन’चा अनुवाद म्हणून रुजला. हिंदीने त्याच गोष्टीला ‘लघुपत्रिका’ म्हटलं, बंगालीने ‘लिटल मॅगाझिन’ तसंच ठेवलं. मराठीत ‘पत्रिका’ का चालली नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागू नये. पत्रिका म्हटलं की आपल्यापुढे लग्नपत्रिका येते, नाहीतर जन्मपत्रिका.

यातला ‘लघु’ पानांचा नाही. मोठ्या आकाराचं लघुनियतकालिक असू शकतं आणि खिशात मावेल असं मोठ्या खपाचं मासिकही असू शकतं. लघु आहे ते भांडवल, खप आणि संपादक-वाचकांमधलं अंतर. म्हणजे ‘लघु’ आकारमान सांगतो, तेही प्रकाशनामागच्या बळाचं, आणि ‘अनियत’ काळ सांगतो. दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. एखादं लघुनियतकालिक दर तीन महिन्यांनी न चुकता निघू शकतं. ते अनियत नाही. तुमचा अंक लघुही आहे आणि अनियतही. दोन्ही सांगायचं असेल तर ‘लघु-अनियतकालिक’ असं मध्ये रेघ घालून लिहिलेलंही आढळतं. संस्कृत संधीच्या नियमाने ते ‘लघ्वनियतकालिक’ होईल, पण ते उच्चारून पाहा म्हणजे कोणी का वापरत नाही ते कळेल.

गोंधळ होण्यामागे इतिहासही आहे. १९५०च्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोळटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं, पुढे साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’ आलं, औरंगाबादहून भालचंद्र नेमाडे यांचं ‘वाचा’ आलं, ‘फक्त’, ‘आत्ता’, ‘येरू’, ‘टिंब’ अशी कितीतरी आली. या सगळ्याला आपण कधी ‘लघुनियतकालिकांची चळवळ’ म्हणतो, कधी ‘अनियतकालिकांची चळवळ’. ती बहुतेक लघुही होती आणि अनियतही, म्हणून एका गोष्टीला दोन नावं पडली आणि ती समानार्थी वाटू लागली.

या नावांपाशी थोडं थांबायला हवं. त्याआधीच्या मासिकांची नावं आठवा: ‘मनोरंजन’, ‘ज्ञानप्रसारक’, ‘दिग्दर्शन’. भारदस्त, बहुतेक तत्सम नामं; वाचकाला काय मिळणार ते सांगणारी. आणि इथे काय? ‘फक्त’ हे अव्यय. ‘आत्ता’ हे क्रियाविशेषण, तेही ‘आता’ नव्हे, बोलण्यातलं दुहेरी ‘त्त’ असलेलं. ‘असो’ हा पत्रात एक विषय संपवून दुसऱ्याकडे वळताना आपण वापरतो तो शब्द. ‘वाचा’ म्हणजे वाणी, आणि त्याच वेळी ‘वाचा!’ अशी आज्ञा. ‘येरू’मध्ये जुन्या मराठीतला ‘येर’ आहे, म्हणजे इतर, दुसरा. ‘येरागबाळा’मध्ये तो अजून जिवंत आहे. व्याकरणात ज्यांना किरकोळ समजतात असे शब्द उचलून मुखपृष्ठावर नेऊन बसवले होते. राजा ढाले यांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथा’ या प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिकाचा अंक जाळला आणि पुढे १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तेव्हा या अनियतकालिकांत लिहिणारी काही माणसं त्यात पुढे होती. अंकाची भाषा आणि रस्त्यावरची भाषा वेगळी राहिली नव्हती.

माझ्याजवळ त्या काळातला एक चक्रमुद्रित अंक आहे. ‘चक्रमुद्रित’ म्हणजे सायक्लोस्टाइल केलेला. मेण लावलेल्या स्टेन्सिलवर शाईच्या फितीशिवाय टंकलेखन करायचं, किंवा टोकदार लेखणीने कोरायचं. जिथे मेण निघालं तिथून शाई उतरते. अक्षर जोरात बसलं की गोलाचं पोटच गळून पडतं. या अंकात ‘व’ आणि ‘ठ’ ठिकठिकाणी काळे गोळे झाले आहेत, आणि एका पानावर कोणीतरी प्रत्येक गोळ्याशेजारी पेनाने बारीक अक्षरात मूळ अक्षर लिहिलं आहे. माझ्याच प्रतीवर लिहिलं की प्रत्येक प्रतीवर, कोण जाणे. तारीख कुठेच नाही. अंक क्रमांक मात्र आहे.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ‘अनियत’ हे काही मानचिन्ह नाही. सामाजिक न्यायासाठी निघालेल्या मराठी प्रकाशनांची जुनी परंपरा तर नियताची आहे. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेलं ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक होतं. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेलं बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ हे पाक्षिक होतं. तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. दुसऱ्याच्या पानात जागा नाही म्हणून स्वतःचं पान, आणि तेही ठरलेल्या दिवशी, कारण समोरच्याचं पत्रही ठरलेल्या दिवशी निघत होतं आणि उत्तर शिळं होऊन चालणार नव्हतं. ‘बहिष्कृत भारत’ चालवताना बाबासाहेबांना रकानेच्या रकाने स्वतः लिहावे लागले. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनाविषयीचं मासिक १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, खटले सोसत चालवलं. या लोकांसाठी ‘नियत’ ही जबाबदारी होती. साठच्या दशकातल्या कवींनी तारखेचं बंधन झुगारलं, कारण तारीख आली म्हणून पानं भरणं त्यांना नको होतं. तुमच्या अंकात कविताही आहेत आणि घर पाडल्याची साक्षही आहे. कविता थांबू शकते. साक्ष किती थांबू शकते, हे तुम्हीच ठरवायचं. तारखा देणं जमेल असं वाटलं तर ‘त्रैमासिक’ व्हा, मला आनंदच होईल. जमणार नसेल तर ‘त्रैमासिक’ छापून वर्षात दोन अंक काढण्यापेक्षा ‘अनियतकालिक’ हा खरा शब्द आहे.

हा शब्द ठेवलात तर दोन गोष्टी त्याच्याबरोबर बदलायला हव्यात. तुमच्या अंकावर ‘वर्ष २, अंक १’ आणि आत ‘वार्षिक वर्गणी’ असं छापलेलं दिसतं. ‘वर्ष’ काढा, सरळ ‘अंक ३’ लिहा. आणि वर्गणी वर्षाची घेऊ नका, अंकांची घ्या: ‘चार अंकांची वर्गणी’. वर्षाचे पैसे घेणं म्हणजे काळाचं वचन देणं, आणि मुखपृष्ठावर तर तुम्ही ते देत नाही म्हणून सांगितलं आहे. ‘वर्गणी’ हा शब्द मात्र सोडू नका, ‘सबस्क्रिप्शन’ करू नका. वर्गणी ही विकत घेण्याची किंमत नसते, दहा जणांच्या कामातला आपला वाटा असतो. वर्गणीदार आणि गिऱ्हाईक हे दोन वेगळे लोक आहेत.

नोंदणीबद्दलही ओझरतं विचारलं आहे. १८६७चा मुद्रणालये आणि पुस्तके नोंदणीचा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. मुखपृष्ठावर कोणता शब्द छापला यावरून तो लागू होणं-न होणं ठरत नाही, तेव्हा ते जाणकाराला स्वतंत्रपणे विचारा. शब्दाचा इतकाच संबंध, की नोंदलेली मासिकं दर मार्चच्या सुमारास ‘फॉर्म ४’ म्हणून जी चौकट छापत आली, तिच्यात प्रकाशनाचा काळ सांगण्याची एक ओळ असते. कायद्याच्या भाषेत नियतकालिकाची ओळख तीच.

शेवटी शुद्धलेखन. तुमच्या शिक्क्यावर ‘अनियतकालीक’ असं दीर्घ झालं आहे. ‘-इक’ प्रत्यय ह्रस्व: मासिक, वार्षिक, कालिक. दीर्घ असतो तो ‘-ईन’: समकालीन, तत्कालीन. शिक्का नवा करून घ्या; तोवर हाताने लिहिलंत तरी चालेल.