नाचाची शाळा, ऑडिशन आणि फी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही बरीच वर्षं लेस्टरला आहोत, इथेच कायमचे झालोय. मुलगी दहा वर्षांची, इयर फाइव्हमध्ये. पाच वर्षांची असल्यापासून बॅले करते. आता तिच्या टीचर म्हणतात, हिला व्होकेशनल शाळेच्या, म्हणजे अभ्यासासोबत नाचाचं पूर्ण शिक्षण देणाऱ्या शाळेच्या, ऑडिशनला बसवा. मी फी बघितली आणि लॅपटॉपच मिटला. मिस्टर म्हणतात फार तर पुण्याचा फ्लॅट विकू, पण मग अभ्यासाचं काय, पुढे पोट भरेल का? मुलगी मात्र सकाळी ओट्याला धरून प्लिए (बॅलेत गुडघे वाकवायचा व्यायाम) करत असते. पैसे नसताना ऑडिशनला बसवून तिचं मन मोडायचं का?

उत्तर : फ्लॅट विकू नका. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

तुम्ही बघितली ती पूर्ण फी. इंग्लंडमध्ये सरकारची म्युझिक अँड डान्स स्कीम आहे आणि त्यात नाचाच्या चार शाळा येतात : रॉयल बॅले स्कूल, बर्मिंगहॅमचं एल्महर्स्ट, ट्रिंग पार्क आणि चेस्टरचं हॅमंड. तिथे आधी ऑडिशनमध्ये मूल बघतात, जागा मिळाली की मग आईवडिलांचं उत्पन्न बघून तुम्ही किती भरायचं ते ठरतं. उत्पन्न कमी तर तुमचा वाटा कमी. म्हणजे पगाराकडे बघून आपणच आधी माघार घ्यायची गरज नाही, जी चूक आपल्यातले कितीतरी लोक करतात, कारण आपल्याला वाटतं शिष्यवृत्ती म्हणजे कोणीतरी उपकार करणार.

पण स्कीमच्या जागा मोजक्याच असतात, हेही खरं. जागा मिळाली पण स्कीमची नाही, असं झालं तर पूर्ण फी येते, आणि १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे. म्हणून ऑडिशनचा फॉर्म भरतानाच शाळेच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करा आणि सरळ विचारा की आमचं टॅक्स कापायच्या आधीचं उत्पन्न इतकं आहे, स्कीमची जागा मिळाली तर अंदाजे किती भरावं लागेल, आणि त्यात युनिफॉर्म, शूज, फिजिओ, सुट्टीतला प्रवास धरलाय का. यूकेमध्ये कायम राहण्याबद्दलच्या अटीही असतात, त्यामुळे तुमचं इमिग्रेशन स्टेटस काय आहे तेही त्याच ईमेलमध्ये लिहून टाका. लाज वाटू देऊ नका, त्यांना हे रोजचं आहे.

अभ्यासाचं म्हणाल तर या शाळांत जीसीएसई, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या बोर्डाच्या परीक्षा, असतातच. मला जास्त काळजी दुसरीच वाटते. अकराव्या वर्षी बोर्डिंग. रॉयल बॅलेची लहान मुलांची शाळा रिचमंड पार्कात व्हाइट लॉजला आहे, जागा सुंदर आहे, पण रात्री पोट दुखलं तर आई नसते. आणि सोळाव्या वर्षी वरच्या शाळेसाठी परत ऑडिशन, पाच वर्षं तिथे काढली म्हणून जागा पक्की होत नाही.

माझ्या मुलीचं सांगते. ती फायनलपर्यंत गेली आणि नकार आला, दोन ओळींचा ईमेल, कारण काही नाही. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिली, जेवायलाही उठली नाही, आणि मी काय बोलू तेच कळेना म्हणून नुसती शेजारी जाऊन बसले. चार दिवसांनी क्लासच्या वेळी स्वतःच हेअरपिनांचा डबा घेऊन आली, आई बन घाल. तेव्हा मला कळलं हिला नाच हवाय, शाळेचं नाव नकोय. मन मोडेल या भीतीने मी तिला ऑडिशनच देऊ दिली नसती तर हे मला कधीच कळलं नसतं, म्हणून म्हणते, बसवा.

नंतर ती सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड ट्रेनिंगला गेली. लोक याला कॅट म्हणतात. हे मला तुमच्यासाठी खरंच बघण्यासारखं वाटतं, मूल घरी राहतं, नेहमीच्या शाळेत जातं, आणि वीकेंडला नि सुट्टीत कसून ट्रेनिंग होतं. दहा ते अठरा वयाच्या मुलांसाठी असतं आणि फीसाठी उत्पन्नावर आधारित ग्रँट मिळते. बहुतेक ठिकाणी भर कंटेम्पररीवर (बॅलेपेक्षा मोकळ्या, आधुनिक नाचावर) असतो, बर्मिंगहॅमच्या सेंटरने कथक-भरतनाट्यमही शिकवलेलं आहे. बॅलेच हवं असेल तर रॉयल बॅलेचे असोसिएट क्लास असतात, तेही वीकेंडला, त्यालाही ऑडिशन लागते. आमचे कितीतरी शनिवार गाडीत गेले, पेट्रोल आणि पार्किंग धरून बजेट करा, घरात सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो.

पॉइंट शूजची (बोटांच्या टोकावर उभं राहायचे कडक शूज) घाई कोणी करत असेल तर थांबवा. साधारण अकरा-बारा वय, घोट्यात आणि पोटाच्या स्नायूंत ताकद, आणि टीचरने पाय नीट बघितलेला, हे सगळं जुळलं तरच. त्या वयात हाडं वाढत असतात. पहिली जोडी आली त्या रात्री मी रिबनी शिवत बसले, दोरा सारखा तुटायचा, मग दुसऱ्या एका आईने सांगितलं डेंटल फ्लॉसने शिव, आणि ते खरंच टिकलं. मूल वाढत असताना जोडी किती दिवस पुरेल याचा भरवसा नाही, तेव्हा एकदम तीन घेऊन ठेवू नका.

समर इंटेन्सिव्हवर, म्हणजे उन्हाळी सुट्टीतल्या नाचाच्या कोर्सवर, पण जपून खर्च करा. वर्षाला एक बास, तिथे गेलं म्हणून ऑडिशनमध्ये निवड होत नाही. त्यापेक्षा तेच पैसे महिन्यातून एकदा चांगल्या टीचरकडे एकट्याने शिकायला लावा.

पोट भरेल का, याला माझ्याकडे हो असं उत्तर नाही. सोळानंतर काही कोर्सेसना डान्स अँड ड्रामा अवॉर्ड, म्हणजे फीसाठी सरकारी मदत, मिळतं (वय १६ ते २३, तेही उत्पन्न बघूनच), डिग्री केली तर सगळ्यांसारखं स्टुडंट फायनान्स. रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ डान्सच्या ग्रेड सहा ते आठला यूकॅस पॉइंट्सही (युनिव्हर्सिटी प्रवेशात धरले जाणारे गुण) मिळतात, हे मिस्टरांना जरूर सांगा.

प्रश्न : मुलगा १४ चा आहे, आतापर्यंत फक्त स्ट्रीट डान्स, आता कंटेम्पररी शिकायचंय म्हणतो. उशीर झालाय का?

उत्तर : अजिबात नाही. मुलगे बरेचदा उशिरा सुरू करतात, आणि कॅटच्या ऑडिशनमध्ये किती वर्षं शिकलाय यापेक्षा अंगात काय आहे ते बघतात. जवळच्या सेंटरचा ओपन डे बघा, त्याला एकट्याला वर्कशॉपमध्ये सोडा आणि तुम्ही बाहेर थांबा. बाहेर आल्यावर कसं झालं विचारू नका, पुढचा क्लास कधी आहे हे तो स्वतः विचारतो का बघा. त्याने विचारलं तर त्याच दिवशी ग्रँटचा फॉर्म मागून घ्या.