मुनीर नियाझी कोण होते? उर्दूतले की पंजाबीतले कवी? वाचायला सुरुवात कुठून करू?

दोन्हीतले, आणि दोन्हीकडे तितकेच दमदार. जन्म होशियारपूरजवळच्या खानपूरचा, म्हणजे आपल्याकडच्या पंजाबातला, फाळणीनंतर पाकिस्तानातल्या साहिवालला गेले, मग लाहोर, तिथेच २००६च्या डिसेंबरमध्ये वारले. मधे नेव्हीत भरती होऊन सोडूनही आले होते. सिनेमासाठी पण लिहिलं, 'उस बेवफा का शहर है' त्यांचंच.

सुरुवात 'हमेशा देर कर देता हूं' पासून करा, यूट्यूबवर त्यांच्याच आवाजात मिळेल. वरवर बघितलं तर नुसती यादी आहे, काही बोलायचं असो, कुणाला हाक मारायची असो, मित्राला धीर द्यायचा असो, मला उशीरच होतो, पण शेवटी येतं की कुणाला मरायच्या आधी जाऊन सांगायचं होतं की खरं काही वेगळंच होतं, आणि तिथे एकदम पोटात गोळा येतो.

पंजाबीत 'कुझ उंज वी राहवां औखियां सन' घ्या, चारच ओळी आहेत, वाटा अवघड, गळ्यात दुःखाचा फास, शहरातली माणसं जालीम, आणि वर आम्हालाच मरायची हौस! ही शेवटची कबुली फक्त तेच देऊ जाणे. मला तर त्यांची पंजाबी उर्दूपेक्षा जास्त भिडते.