शाळेच्या चौकटीवरचा सन

प्रश्न : कळंब तालुक्यातील आमच्या गावची शाळा नव्या इमारतीत गेल्यावर जुन्या दगडी इमारतीत गावाचे संग्रहालय करण्याचे ठरले आहे. चौकटीवर १३३९ हा आकडा व पुढे एक उर्दू अक्षर कोरलेले असल्याने काही जण शाळा जवळपास सातशे वर्षांची असल्याचे सांगतात. फलकावर काय लिहावे? आणि मराठी गावची जुनी रजिस्टरे उर्दूत का?

उत्तर : छायाचित्रातील अक्षर 'फे' आहे, म्हणजे हा फसली सन, मराठवाडा ज्यात होता त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा सरकारी सन होय. संस्थानाचे हे वर्ष ऑक्टोबरच्या प्रारंभी, आजूर महिन्याने सुरू होई. डिसेंबरपर्यंतच्या तारखांत ५९० आणि त्यापुढच्या तारखांत ५९१ मिळवले की इसवी सन येतो. त्यानुसार ही चौकट १९२९-३० ची ठरते. सातशे वर्षांचा मान गेल्याचे ग्रामस्थांना वाईट वाटेल, पण फलकावर हेच लिहावे, आणि तेही इमारतीपुरतेच. कारण मारुतीच्या देवळात किंवा चावडीवर आधी भरणारी शाळा पुढे स्वतःच्या इमारतीत जाणे ही त्या काळची सामान्य गोष्ट होती, आणि शाळा केव्हा सुरू झाली हे सर्वांत जुन्या दाखल-खारीज (मुलांच्या प्रवेशाच्या व शाळा सोडण्याच्या) रजिस्टरावरून पाहावे लागेल.

रजिस्टरांच्या भाषेचे कारण राज्यकारभारात आहे. १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही संस्थानाच्या कारभाराची भाषा झाली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवले. त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचे नाव, वय आणि सदर मुदर्रिसाची, म्हणजे मुख्याध्यापकाची, सही उर्दूत असणे साहजिक आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थानातील निजामी राजवट संपल्यानंतर नोंदी उर्दूवरून मराठीवर कोणत्या पानावर येतात, ते शोधावे. माझ्या मते जुने बाक आणि घंटा यांच्यापेक्षा ते पान अधिक मोलाचे आहे.

मात्र मूळ रजिस्टर काचेत ठेवू नये. त्यातील जन्मतारीख आणि जातीची नोंद आजही पुरावा म्हणून मागितली जाते. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रे किती बारकाईने धुंडाळली गेली, हे आपण पाहिलेच आहे. मूळ प्रत शाळेच्याच ताब्यात राहू द्यावी आणि संग्रहालयात निवडक पानांच्या छायाप्रती, त्याही व्यक्तींची नावे झाकून, लावाव्यात.

इमारतीला माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, आहे, असे छायाचित्रावरून दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद यांनीच असंख्य माणसे गाडली. म्हणून जिल्हा परिषदेची लेखी परवानगी घेताना स्थापत्य अभियंत्याकडून भिंतींची तपासणी करून घ्यावी आणि वर्षानुवर्षे थरावर थर टाकून वाढलेली माती किती उतरवता येईल, हे त्यालाच ठरवू द्यावे. ही तपासणी होईपर्यंत मुलांना आत नेऊ नये.